अल्टरनेटर दोनदा बदलूनही बॅटरी उतरत असेल, तर आधी ‘अर्थ’ची केबल तपासा

सकाळी गाडीचा सेल्फ उचलत नाही. गॅरेजमधून मुलगा येतो, जंपर केबल लावून गाडी सुरू करून देतो, बॅटरीवर मीटर धरतो आणि ‘साहेब, डायनामो गेलाय’ असा निकाल देतो. कारण इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरला आमच्याकडचे मिस्त्री अजूनही डायनामोच म्हणतात. अल्टरनेटर बदलला जातो, तीन-चार महिने बरे जातात आणि पुन्हा एका सकाळी तोच प्रकार घडतो. माझ्याकडे हे रहाटगाडगे जवळजवळ दोन वर्षे चालले. त्यात दोन अल्टरनेटर आणि एक बॅटरी खर्ची पडली, आणि शेवटी दोष निघाला तो हातभर लांबीच्या एका काळ्या केबलमध्ये. त्याच शोधात घराच्या पोर्चमधील एक जीवावर बेतणारा दोषही हाती लागला. दोन्ही ठिकाणी मुळाशी ‘अर्थ’, म्हणजे विजेची गाडीच्या पत्र्याशी किंवा घरात जमिनीशी केलेली जोडणी, हा एकच शब्द होता, म्हणून दोन्हींविषयी एकत्रच लिहीत आहे.

गाडी दहा वर्षांहून जुनी, पेट्रोलवर चालणारी लहान हॅचबॅक आहे. तिला 12 व्होल्टची, 35 अँपिअर-तासांची बॅटरी आहे आणि क्लच केबलचा आहे. क्लचचा उल्लेख येथे उगाच केलेला नाही, तो पुढे उपयोगी पडणार आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात, सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली तेव्हा, ही गाडी दोन दिवस चाके बुडतील एवढ्या पाण्यात उभी होती. नंतर तेले बदलली, आसने उन्हात वाळवली, गाडी चालू झाली. दोन महिन्यांतच अल्टरनेटरची बेअरिंग ओरडू लागली. तो उघडला तेव्हा कार्बन ब्रशच्या खाचेत वाळलेला गाळ पांढऱ्या मातीसारखा बसलेला होता. तो अल्टरनेटर खरोखरच गेला होता आणि तो बदलण्यात कोणाची चूक झाली नाही.

चूक झाली ती पुढच्या वेळी. वर्ष उलटून गेल्यावर पावसाळ्यात रात्री मिरजेहून येताना हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकत्र लावले की दिव्यांचा उजेड पिवळट पडू लागला, आणि सकाळी सेल्फ जड फिरू लागला. डॅशबोर्डवरील बॅटरीचा लाल दिवा मात्र एकदाही लागला नाही. अल्टरनेटर स्वतः वीज तयार करणे थांबवतो तेव्हा हा दिवा सहसा लागतो. तो लागत नसताना बॅटरी उपाशी राहत असेल, तर वीज तयार होऊनही वाटेत अडते आहे का, हा प्रश्न मनात यायला हवा होता. तो ना माझ्या मनात आला, ना मिस्त्रींच्या. त्यांनी गाडी चालू ठेवून बॅटरीवर मीटर धरला, 13 व्होल्ट दिसले, ते कमीच होते, आणि दुरुस्त केलेला दुसरा अल्टरनेटर साडेपाच हजारांना बसला. गाडी सुधारली याचे कारण आता कळते: काम करताना त्यांनी बॅटरीची टर्मिनले घासून पुसून आवळली होती आणि बॅटरी रात्रभर दुकानात चार्जिंगला लावली होती. अल्टरनेटरचा त्यात काडीचा वाटा नव्हता.

चार महिन्यांनी बॅटरी पुन्हा उतरली, आणि याच सुमारास क्लच जड झाला. केबल जुनी झाली असेल म्हणून ती बदलली. नवी केबलही सहा आठवड्यांत अडकू लागली. ती स्वतः काढून पाहिली तेव्हा, केबल इंजिनाच्या बाजूने गाडीच्या आत शिरते तेथील प्लॅस्टिकच्या आवरणावर भाजलेल्या पापडावर येतात तसे फोड आले होते, आणि आतील पोलादी दोरा निळसर पडला होता. क्लचची केबल घर्षणाने इतकी तापत नाही. ती विजेने तापली होती.

आता कारण पाहू. लहान गाडीचा सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअरच्या घरात प्रवाह घेतो. तो बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून जाड लाल केबलने येतो. परत जायचा मार्ग मात्र इंजिनाच्या धातूतून गिअरबॉक्सवर बसवलेल्या काळ्या केबलद्वारे बॅटरीच्या निगेटिव्हकडे असतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्याचा गाडीच्या पत्र्याशी थेट संबंध नसतो. काळी केबल आतून सडली की प्रवाह दुसरी वाट शोधतो, आणि इंजिनाकडून पत्र्याकडे जाणारी हाताशी असलेली धातूची वाट म्हणजे क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल. अल्टरनेटरचेही तेच. त्याचे बाहेरील शरीर हेच त्याचे निगेटिव्ह टोक असते आणि ते इंजिनाला बोल्टने जोडलेले असते. व्होल्टेज काबूत ठेवणारा रेग्युलेटर, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत कटआऊट, ते मोजतो ते स्वतःच्या शरीराच्या संदर्भाने. त्याला 14.3 व्होल्ट दिसत असतात, तो समाधानी असतो, लाल दिवा बंद असतो. आणि बॅटरीला प्रत्यक्षात 13 मिळत असतात, कारण सव्वा व्होल्ट वाटेतील सडक्या जोडांमध्ये खर्ची पडत असतात. दिवे, ब्लोअर सगळे लावले की प्रवाह वाढतो, प्रवाहाबरोबर ही घटही वाढते, म्हणून त्रास नेमका पावसाळ्याच्या रात्री जाणवतो.

हे शोधायला चांगला डिजिटल मल्टिमीटर आणि अर्धा तास पुरतो. क्रम मात्र पाळावा. आधी गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीचे व्होल्टेज पाहावे. 12.6 च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, 12.2 म्हणजे निम्मी रिकामी आहे. 12.4 च्या खाली असेल तर आधी ती बाहेरच्या चार्जरने भरावी आणि मगच पुढे जावे, कारण उतरलेल्या बॅटरीवर घेतलेली चार्जिंगची मापे फसवी असतात. मग गाडी सुरू करून वेग थोडा वाढवावा. बॅटरीवर 13.8 ते 14.5 दिसले पाहिजेत, आणि हेडलाइट व ब्लोअर लावल्यावर आकडा 13.5 च्या खाली घसरू नये. 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला आहे. अशी गाडी चालवत राहिल्यास बॅटरीतील पाणी उकळून उडते. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत संगणक हे व्होल्टेज मुद्दाम वरखाली करतो, तेव्हा हे आकडे त्यांना जसेच्या तसे लावू नयेत.

येथपर्यंतचे सगळे कोणत्याही गॅरेजमध्ये होते. पुढचे माप घ्यायला मात्र कोणी थांबत नाही, आणि गोम तेथेच असते. इंजिन चालू, दिवे आणि ब्लोअर चालू ठेवून मीटरची एक सुई अल्टरनेटरच्या मागील जाड वायरच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर टेकवावी. टर्मिनलच्या पट्टीवर टेकवू नये, शिशाच्या खुंटीवरच टेकवावी. नाहीतर पट्टी आणि खुंटी यांच्यातील दोष मापात येत नाही. येथे 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. मग एक सुई अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. येथेही 0.2 च्या आतच हवे, 0.1 असेल तर उत्तम. माझ्या गाडीत पहिल्या जागी 0.10 आणि दुसऱ्या जागी 1.15 आले. बॅटरीवर 13.05 होते. तिन्हींची बेरीज केली की 14.30 येते, म्हणजे अल्टरनेटर आपले काम चोख करत होता. खात्रीसाठी काढून ठेवलेला आधीचा अल्टरनेटर शंभर फुटी रस्त्यावरील एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे बेंचवर फिरवून घेतला. त्याने पूर्ण लोडवरही 14 च्या वर व्होल्टेज दिले. साडेपाच हजार वाचले असते, हे तेव्हा कळले. हे माप घेताना सैल बाह्या, ओढणी आणि मीटरच्या वायरी बेल्टपासून व पंख्यापासून दूर ठेवाव्यात, आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नये.

काळी केबल वरून धडधाकट दिसत होती. गिअरबॉक्सवरील बोल्ट सोडून लग, म्हणजे केबलच्या टोकाची बोल्टची धातूची कडी, हातात घेतला आणि केबल जरा वाकवली, तर आवरणाच्या तोंडातून हिरवी पूड सांडली आणि तांब्याच्या तारा सुक्या गवतासारख्या मोडल्या. पुराचे पाणी आवरणाखाली तारांमधून वर चढले असणार. त्यानंतर तांबे सावकाश खाल्ले गेले. 25 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले लग, आणि लग बसतो तेथील धातू पांढरा होईपर्यंत घासणे, एवढेच काम होते. बोल्ट आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावावी. लग फक्त पिळून किंवा हातोडीने ठोकून बसवणाऱ्याकडून हे काम घेऊ नये. तो जोड वर्षभरात पुन्हा तसाच होतो. काम झाल्यावर तेच माप 0.05 आले आणि बॅटरीवर 14.2.

अर्थ ठीक निघाला आणि बॅटरी तरीही उतरत असेल, तर संशय अल्टरनेटरमधील डायोडवर घ्यावा. अल्टरनेटर मुळात तीन फेजची उलटसुलट वाहणारी वीज तयार करतो आणि डायोड प्लेट तिची एकदिश वीज करते. त्यातील एखादा डायोड शॉर्ट झाला की गाडी चालताना चार्जिंग कमी पडते, आणि गाडी बंद असताना बॅटरी त्याच वाटेने रात्रभर रिकामी होते. इंजिन चालू असताना मीटर एसी व्होल्टवर लावून बॅटरीवर पाहिले आणि अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले, तर डायोडचीच खूण समजावी. रात्रीची गळती मोजण्यासाठी मीटर अँपिअरवर लावून निगेटिव्ह केबल आणि खुंटी यांच्या मधे जोडतात. दारे लावून, किल्ली काढून अर्धा तास थांबल्यावर आकडा 50 मिलिअँपिअरच्या आत यायला हवा. मीटर असा जोडलेला असताना कोणी सेल्फ मारू नये. मीटरचा फ्यूज क्षणात जातो, हे घरातील मंडळींना आधीच सांगून ठेवावे.

आता अल्टरनेटर खरोखरच बदलायचा असेल तर. इंजिन थंड हवे, किल्ली बाहेर हवी, हातातील अंगठी, कडे, घड्याळ काढलेले हवे. पहिला पाना निगेटिव्ह टर्मिनललाच लावायचा. कारण साधे आहे: गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो, त्यामुळे पॉझिटिव्ह सोडताना पान्याचे दुसरे टोक पत्र्याला लागले तर शेकडो अँपिअरचा शॉर्ट होतो, पाना लाल होतो आणि वितळलेले शिसे डोळ्यांपर्यंत उडते. निगेटिव्ह आधी काढलेले असेल तर तोच पाना पत्र्याला लागूनही काही होत नाही. काढलेल्या टर्मिनलवर फडके गुंडाळून ते बाजूला बांधून ठेवावे. अल्टरनेटरच्या मागील जाड वायर किल्ली काढलेली असतानाही बॅटरीला जोडलेलीच असते, हे विसरणाऱ्यांचे पाने मी गॅरेजमध्ये भिंतीला अडकवलेले पाहिले आहेत. टोकाला चंद्रकोरीएवढा तुकडा उडालेला.

बेल्टचा मार्ग मोबाइलवर टिपून घ्यावा, मग ताण देणारा आणि आधाराचा बोल्ट सैल करून बेल्ट उतरवावा, वायरी सोडाव्यात. नवा अल्टरनेटर जुन्याशेजारी ठेवून अँपिअर, पुलीवरील खाचांची संख्या, बोल्टचे कान आणि कनेक्टर ताडून पाहावेत. दुरुस्त केलेल्या अल्टरनेटरला बहुतेक वेळा चंदेरी रंग मारलेला असतो. तो बोल्टच्या कानांवरही असतो आणि रंग वीज जाऊ देत नाही. माझ्या दुसऱ्या अल्टरनेटरला तो तसाच होता. बसवण्यापूर्वी कानांच्या आतील बाजू घासून धातू उघडा करावा. बेल्ट अंगठ्याने मधोमध दाबल्यावर साधारण 8 ते 10 मिलिमीटर दबावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. पाऊस पडला की बेल्ट किंचाळतो म्हणून तो कचकचून आवळणारे पुष्कळ आहेत, आणि मग बेअरिंग सहा महिन्यांत ओरडते. जाड वायरची नट घट्ट करून तिची रबरी टोपी परत चढवावी. निगेटिव्ह सगळ्यांत शेवटी.

नवा अल्टरनेटर उतरलेल्या बॅटरीवर बसवून लगेच लांबच्या प्रवासाला निघू नये. रिकामी बॅटरी भरण्याचे ओझे त्याच्यावर पडते आणि तो पहिल्याच दिवशी बेसुमार तापतो. आणखी एक जुनी खोड सांगायलाच हवी. चालू गाडीत बॅटरीची केबल काढून ‘इंजिन बंद पडते का पाहू’ अशी परीक्षा काही मिस्त्री अजूनही घेतात. ती जुन्या डायनामोच्या काळातील आहे. आज तसे केल्यास अल्टरनेटरचा प्रवाह अचानक तुटून क्षणभर शंभरच्या आसपास व्होल्ट उसळू शकतात, आणि गाडीचा संगणक जळू शकतो. माझ्यासमोर कोणी केबलला हात लावला की मी किल्ली फिरवून गाडी बंद करतो, मग त्यांना राग आला तरी चालेल.

आता घराकडे. बॅटरी भरण्यासाठी मी ती पोर्चमध्ये आणून चार्जरला लावत असे. 35 अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास लागतात, म्हणजे रात्रभर. एप्रिल महिन्यात एका रात्री चार्जर चालू असताना आईने शेजारच्या वॉशिंग मशीनला ओल्या हाताने स्पर्श केला आणि ‘अरे, मशीन हाताला झिणझिण करतंय’ म्हणून हात झटकला. मशीन तेव्हा बंद होते. चार्जरचा स्विच बंद केला की झिणझिण थांबे, चालू केला की परत येई. दोष मशीनमध्ये नव्हता आणि चार्जरमध्येही नव्हता.

महापुरानंतर घराचे वायरिंग घाईत दुरुस्त करून घेतले होते. पोर्चमधील सॉकेटची न्यूट्रल वायर भिंतीत तुटली होती, आणि काम करणाऱ्याने भिंत फोडण्याऐवजी सॉकेटचे न्यूट्रल अर्थिंगच्या वायरला जोडून दिले होते. दिवा लागला, काम झाले. येथे गाडीतील आणि घरातील ‘अर्थ’ यांचा फरक नीट ध्यानात घ्यावा. गाडीत अर्थ हाच परतीचा मार्ग असतो, प्रवाह त्यातूनच सदैव वाहतो आणि 12 व्होल्टमुळे हाताला काही लागत नाही. घरात परतीचा मार्ग न्यूट्रल असतो. अर्थिंगमधून एरवी काहीच वाहायला नको, ते केवळ दोष झाल्यावर वीज जमिनीत नेण्यासाठी असते. अर्थिंगला न्यूट्रलच्या कामाला जुंपले की चार्जरचा सगळा प्रवाह अंगणातील अर्थिंगच्या खड्ड्यातून जाऊ लागतो. चार्जर 0.4 अँपिअर घेत असेल आणि उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडून त्याचा रोध 150 ओहम झाला असेल, तर गुणाकार 60 व्होल्ट येतो, आणि हे 60 व्होल्ट घरातील अर्थिंगला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाच्या पत्र्यावर येऊन बसतात: मशीन, फ्रिज, गिझर. पावसाळ्यात खड्डा ओला असल्यामुळे महिनोन्‌महिने काहीच जाणवले नाही. ‘अर्थिंगवर चालवून देतो’ हे वाक्य कोणाही वायरमनच्या तोंडून ऐकू आले, तर काम तेथेच थांबवावे.

अशा जोडणीवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज भलत्या वाटेने जाऊ लागताच पुरवठा तोडणारा स्विच, टिकत नाही, कारण गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत येत नाही आणि ती लगेच पडते. आमच्याकडे ती नव्हतीच. काही घरांत ‘सारखी पडते’ म्हणून ती काढून टाकलेली असते. पडत होती ती याच कारणाने, हे मग कोणाच्या ध्यानात येत नाही. आम्ही परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलावून नवी न्यूट्रल वायर ओढून घेतली, खड्ड्यातील गंजलेला जोड बदलला आणि मेन बोर्डात आरसीसीबी बसवली. तिचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहतो. ज्या घरात इन्व्हर्टर आहे तेथे मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टरच्या लाइनवरील सॉकेटमध्ये 230 व्होल्ट असतातच. तो वेगळा बंद करून, टेस्टरने पाहूनच सॉकेट उघडावे.

चार्जर लावताना आधी चिमटे बॅटरीला, मग प्लग आणि स्विच. काढताना आधी स्विच, मग चिमटे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत 4 टक्के झाला तरी तो ठिणगीने पेटू शकतो, म्हणून उलट क्रमाने काढताना उडणारी ठिणगी नेमकी बॅटरीच्या तोंडाशी पडते. हे काम बंद खोलीत, देवघराशेजारी किंवा गॅसजवळ करू नये. गाडी सुरू करण्यासाठी इन्व्हर्टरची बॅटरी वापरण्याचा मोह होतो. तेथे दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतील तर 24 व्होल्ट मिळतात आणि गाडीचा संगणक त्यात वाचेलच असे नाही.

गाडीची मापे मी बॉनेटच्या आतील बाजूस तेलखडूने लिहून ठेवली आहेत आणि दर पावसाळ्यानंतर त्याखाली नवी लिहितो; यंदा अर्थचे माप 0.06 आले. घरातील आरसीसीबी बसवल्यावर पहिल्याच मुसळधार पावसात रात्री दोन वाजता पडली. सगळे एमसीबी बंद करून ती वर केली आणि मग एकेक लाइन चालू करत गेलो, तेव्हा बागेतील पंपाची लाइन सापडली. पंपाच्या वायरीला अंगणात एक जोड होता, वर चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि तो पाण्यात बुडाला होता.